खाज गेल्यानंतर

शनिवारी सकाळी तुर्कू शहराच्या बाजारचौकात सख्ख्या नणंदेनं इन्केरीला ओळखलं नाही. पाहून न पाहिल्यासारखं केलं असं नव्हे, ओळखलंच नाही. केर्तू बटाट्यांच्या गाडीपाशी उभी होती. गळ्याभोवती तीच करडी लोकरीची पट्टी, हातात तीच वेताची टोपली. इन्केरी तिच्याकडे बघून हसली, तेव्हा परक्या बाईला करावी तशी केर्तूनं अर्धवट मान हलवली आणि पुन्हा बटाटे चाचपायला लागली. हाक मारायला इन्केरीनं तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. आता आपल्याला वाईट वाटेल किंवा निदान हसू तरी येईल, म्हणून बसची वाट पाहावी तशी ती थोडा वेळ वाट पाहत राहिली. दोन्हींतलं काही आलं नाही. चौकाच्या कडेला फुलांच्या दुकानाची मोठी काच होती. तिच्यात एक गोरी, सपाट चेहऱ्याची, जराशी वयस्क बाई उभी होती. भुवया जागच्या जागी, पापण्या पातळ, गळ्यावर साधी वयाची सुरकुती. केर्तूचं काही चुकलं नव्हतं. या बाईला इन्केरीनं तरी कुठं ओळखलं असतं?

तिला सगळे ओळखायचे ते तिच्या लालीवरून. कपाळ, पापण्या, कानामागची घडी, गळा आणि छातीचा वरचा भाग, एवढा मुलूख कायम पेटलेला असायचा. हिवाळ्यात भेगा पडायच्या, उन्हाळ्यात पाणी सुटायचं. शाळेत तिला पोरं ‘उकडलेली’ म्हणायची. ऑगस्टमध्ये घरोघरी नदीतल्या चिंगळ्या उकडतात, त्या अशाच लालभडक निघतात. इसब हा शब्द तिला स्वतःच्या आडनावाच्या आधी लिहिता यायला लागला. मोठी झाल्यावर तिनं जे काम धरलं तेही तोंड कुणाला दिसणार नाही असं. एका बिनखिडकीच्या खोलीत बसून ती आंधळ्यांसाठी पुस्तकं वाचायची आणि त्यांच्या टेपा व्हायच्या. तिच्या आवाजाचं फार कौतुक होतं. स्वच्छ, सपाट आवाज. प्रेमाचं पान असो की प्रेताचं, कुठं ओलावायचा नाही. एका आंधळ्या बाईनं एकदा मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, की तुमचा आवाज ऐकून वाटतं, तुमची कातडी फार नितळ असणार. तेव्हा इन्केरी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं मानेची पापुद्रे सुटलेली जागा चोळत होती. ‘आभारी आहे,’ ती म्हणाली होती, त्याच आवाजात.

बटाटे न घेताच ती नदीच्या बाजूनं घरी निघाली. नदीवरचं बर्फ काळपट पडलं होतं, मधूनमधून पाणी दिसत होतं. वारा तोंडावर येत होता आणि तोंडाला काही होत नव्हतं. याचं अजून नवल वाटायचं, पण तेही दुसऱ्या कुणाच्या तरी नवलासारखं, ऐकीव. वारा आला की मान खाली घालायची आणि डोळे किलकिले करायचे, ही सवय मात्र सुटली नव्हती. लहानपणी अशीच मान खाली घालून ती आईच्या मागोमाग गोठ्यापर्यंत जायची. आई रात्री तिच्या हातांत सुती मोजे घालून मनगटाशी नाडीनं बांधायची, म्हणजे झोपेत ओरबाडायला नको. पोरगी तरीही सकाळी रक्ताळलेली उठायची आणि रडायला लागायची. मग आई दोन्ही तळव्यांत तिचं तोंड अलगद धरायची. ‘रडू नकोस गं, रडू नकोस, झोंबेल.’ आणि खरंच झोंबायचं. खारट पाणी भेगांतून उतरायचं, ते निखाऱ्यासारखं. म्हणून ती शिकली. घशाशी आलेलं परत खाली ढकलायचं, नाकानं श्वास घ्यायचा, समोरच्या भिंतीवरच्या लाकडातली गाठ बघत राहायचं. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत तिला ते इतकं साधलं होतं, की ढकलायलाही काही उरलं नव्हतं.

आईनं उपाय सोडले नाहीत. आधी दूध बंद झालं, मग अंडी, मग मासे. शेवटी शेजारच्या गावातली एक जाणती म्हातारी आली. तिनं पोरीच्या पाठीवर तुंबडीसारखी शिंगं लावून रक्त काढलं, स्वयंपाकघर हुंगलं आणि म्हणाली, ‘आंबट. या पोरीला आंबट बाधतंय. ते पिपातलं काढा.’ पिपात राय धान्याच्या काळ्या पावाचं आंबवण होतं. आईच्या आईकडून आलेलं, लाकडी पीप कधी न धुता जपलेलं. आईनं ते त्याच दिवशी उचलून कोठारात नेऊन ठेवलं आणि घरात पाव भाजणं थांबलं. दुकानातली कोरडी, बिनआंबवणाची, पुठ्ठ्यासारखी पावाची चकती सगळ्यांनी खायची. वडील सूपात ती बुडवत आणि म्हणत, ‘हिच्या कातडीपायी माझे दात पडायची वेळ आली.’ ते थट्टेतच म्हणायचे. पण चकती मोडल्याचा कडकन आवाज झाला की इन्केरी दर वेळी आईकडे बघायची, आणि आई खिडकीबाहेर.

यंदाच्या हिवाळ्याच्या तोंडाला पापण्या इतक्या सुजल्या, की टेपांसाठीचं वाचन बंद पडलं. मग तिला डॉक्टर पेल्तोलाबाईंकडे पाठवलं गेलं. बाई तिच्याहून लहान, बारीक चणीची, बोलताना पेनाचं टोपण उघडझाप करणारी. त्यांनी कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला थेंब ठेवले आणि एकेका थेंबातून बारीक सुईनं टोचलं. बर्चचा पराग, मांजर, दूध, अंडं. शेवटचे थेंब यीस्टचे. थोडा वेळ बसायला सांगितलं. इन्केरी हाताकडे बघत बसली. दूध तसंच राहिलं, अंडं तसंच राहिलं. शेवटच्या थेंबाखाली मात्र टम्म गांधी उठली, भोवती लाल चकंदळ. त्याच्या शेजारीच एक छोटी.

‘ही मोठी बघा,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘हे यीस्ट कातडीवर राहतं. कातडीला जे तेल सुटतं त्यावर त्याचं पोट. म्हणून तोंड, मान, छाती, डोक्याची कातडी, तुमचं जिथं पेटतं तिथंच त्याची वस्ती जास्त.’

‘मला हे कुठून लागलं?’

‘लागलं नाही. सगळ्यांच्याच अंगावर असतं. माझ्याही आहे. माझं शरीर त्याच्याकडे लक्ष देत नाही. तुमचं देतं.’

‘आणि ही छोटी?’

‘ती पावातल्या यीस्टची. लांबची भावकी आहे त्यांची, म्हणून चाचणीत दोघंही वर येतात. पण पावानं तुमचं तोंड पेटतं असं मला वाटत नाही.’

‘म्हणजे पाव खाल्ला तर चालतो?’

‘खा की. का, सोडलायत?’

इन्केरीनं मान हलवली. कोठारातलं पीप तिला दिसलं, त्याच्या फळ्या सुकून सुटल्या होत्या. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. हे सांगायला आता कुणी नव्हतं. काहीतरी जड आत पडल्यासारखं झालं, पण ते खाली पोचल्याचा आवाज आला नाही. डॉक्टर पुढं सांगत होत्या, की बुरशीवरची एक गोळी आहे. या यीस्टवर ती चालते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, काहींना येतो. यकृताला जपावं लागतं, म्हणून मधूनमधून रक्त तपासायचं. बघू या का? ‘बघू या,’ इन्केरी म्हणाली. मलमं तिनं इतकी पाहिली होती, की बघू या म्हणणं हे तिच्या तोंडात नमस्कारासारखं बसलं होतं.

पण गुण आला. सूज उतरली, मग लाली, मग सालपटं. एका सकाळी ती उठली तेव्हा चादरीवर काहीच नव्हतं. खाज गेली तेव्हा आधी कळलंच नाही काय झालंय ते; स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर थांबली की क्षणभर आपण दचकतो आणि कान देतो, तसं झालं. ती कान देऊन पडून राहिली. आत काही ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, की या खाजेच्या खाली आपण आहोत. ही एकदा निघाली की आपण सापडू. आता ती निघाली होती आणि खाली स्वच्छ फरशी होती, कुणी न राहिलेल्या घराची असते तशी.

तिच्या नवऱ्याचं, ताउनोचंही काहीतरी झालं होतं, पण त्याचं त्याला सांगता येण्यातलं नव्हतं. ताउनो जहाजाच्या गोदीत लोखंडी पत्रे जोडणारा जोडारी होता. मंदीत कामावरून कमी झाला आणि तेव्हापासून घरीच होता. त्याचे हात ठिणग्यांनी चट्टेपट्टे झालेले, बोटं लाकडासारखी. त्याच बोटांनी तो रोज संध्याकाळी बातम्या संपल्यावर तिच्या मागं स्टुलावर बसायचा आणि मानेला, पाठीला, कानामागं मलम लावायचा. औषधाचं पातळ, त्यावर चरबीचं जाड. इतकं हलकं, की काही वेळा तिला वळून बघावंसं वाटायचं, हा तोच माणूस आहे ना. तेवढ्यात दोघं बोलायची. समोरासमोर नव्हे, ती भिंतीकडे तोंड करून, तो तिच्या पाठीकडे. गोदीतलं कोण गेलं, होडीला डांबर कधी लावायचं, मूल झालं असतं तर आता केवढं असतं, हेसुद्धा एकदा. त्यांचं जे काही लग्न होतं ते त्या स्टुलावर होतं.

गोळ्यांनी गुण आल्यावर एका संध्याकाळी तो नेहमीसारखा डबी घेऊन आला.

‘लावू?’

‘आज नको. कोरडं नाहीये.’

‘बरं.’

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. मग काही दिवस नुसता डबीकडे बघायचा. मग ते बंद झालं. बातम्या संपल्या की तो पुढचा कार्यक्रम बघायचा, तो संपला की त्याच्या पुढचा. त्यांच्यात भांडण नव्हतं. पण कॉफी दे, मीठ दे, यापलीकडे शब्द होत नव्हता, आणि इन्केरीला ते दिसत होतं. टोचत नव्हतं.

रविवारी केर्तू कॉफीला आली. दारातच तिनं हाताची घडी घातली आणि इन्केरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

‘अगं बाई! काल चौकात तू होतीस? मला वाटलं दारोदार फिरून धर्माची पत्रकं वाटणारी कुणी असेल. त्याच हसतात तशा, ओळख ना पाळख.’

‘मीच होते.’

‘मग हाक मारायला काय झालं होतं? ताउनो, बघ रे, नवी बायको मिळाली तुला. तीही फुकटात!’

ताउनो वेलदोड्याचा गोड पाव कापत होता. ‘जुनीची सवय होती,’ तो म्हणाला.

केर्तू खो खो हसली. ताउनो हसला नाही. पावाचा तुकडा त्यानं बहिणीच्या बशीत ठेवला, दुसरा बायकोच्या. इन्केरीनं तो खाल्ला. गोळ्या सुरू झाल्यापासून ती पाव खात होती, चव चांगली होती. चव चांगली आहे अशी नोंद होत होती.

‘खरं सांगू का,’ केर्तू तिसऱ्या कपाला म्हणाली, ‘तुझ्या आईच्या मातीला तू ओंडक्यासारखी उभी होतीस. सगळं गाव रडत होतं. मी ताउनोला तेव्हाच म्हटलं, हिला कातडी नाही ते दिसतं, पण काळीजही नाही की काय?’

‘केर्तू,’ ताउनो म्हणाला, ‘कॉफी पी.’

‘पितेय की. मी काय पाठीमागं बोलतेय? तोंडावर बोलतेय.’

‘झोंबायचं,’ इन्केरी म्हणाली.

‘काय?’

‘डोळ्यांतलं पाणी. तोंडाला झोंबायचं. लहानपणापासून. म्हणून मी ते बंद केलं.’

केर्तूनं कप खाली ठेवला. ती तोंडाळ होती, पण वाईट नव्हती. तिनं हळू विचारलं, ‘आणि आता? आता तर बरी झालीस.’

‘आता नाही झोंबणार.’

‘मग?’

‘मग काही नाही. येत नाही.’

हे सांगताना तिचा आवाज टेपवरच्यासारखाच होता. ताउनो तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं मलम लावून कातडीचा कण न् कण त्याला पाठ झाला होता, आणि ही एवढी गोष्ट त्याला माहीत नव्हती. तो उठला आणि कारण नसताना नळ सोडून हात धुवत राहिला.

त्याच आठवड्यात डॉक्टर पेल्तोलांचा फोन आला. रक्ताचा अहवाल चांगला नव्हता. ‘तुमच्या यकृताला ही गोळी सोसत नाहीये. आजपासून बंद करायची. लगेच.’

‘परत उठेल?’

‘उठू शकतं. मान्य आहे, वाईट वाटतं. बुरशीवरचं मलम आहे, शाम्पू आहे, ते चालू ठेवू. यकृत ताळ्यावर आलं की शरदात दुसरं औषध बघू. पण ही गोळी आता एकही नाही. ऐकताय ना?’

‘ऐकतेय.’

तिनं फोन ठेवला. संध्याकाळी जेवणाबरोबर तिनं गोळी घेतली. मुद्दाम नव्हे. वेळ झाली होती, डबी हाताशी होती, हात गेला. दुसऱ्या संध्याकाळी गोळी तळव्यावर ठेवून ती विचार करत बसली. चेहरा जाईल म्हणून घेतेय का? तर त्या चेहऱ्याशी तिचं अजून बोलणंही झालं नव्हतं. मरायचंय का? नाही, तसंही नव्हतं. गोळी हवी असंही नव्हतं आणि नको असंही नव्हतं. यकृत नावाचं काहीतरी आपल्या आत उजवीकडे बिचारं झिजतंय, हे तिला कळत होतं, वर्तमानपत्रात दूरदेशीच्या पुराची बातमी कळावी तसं. तिनं गोळी गिळली. त्यानंतरच्या संध्याकाळीही.

फेरतपासणीसाठी दवाखान्यातून फोन आला तो ताउनोनं घेतला. ती कामावरून परतली तेव्हा तो बाहेरच्या कोटासकट जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर गोळ्यांची डबी.

‘विचारत होते, गोळ्या बंद केल्या ना म्हणून. मी म्हटलं, विचारून सांगतो.’ तो थांबला. ‘केल्यास?’

‘नाही.’

‘त्यांनी सांगितलं होतं?’

‘हो.’

‘मग का?’

‘माहीत नाही.’

ताउनो सहसा चिडत नसे. त्या दिवशीही आवाज चढला नाही. ‘माहीत नाही,’ तो म्हणाला. ‘होडीचं लाकूड कुजलं तर बदलता येतं. तुझं यकृत मी कुठून आणू? सांग. कुठल्या गोदीत मिळतं?’ त्यानं डबी उचलली, खिशात घातली आणि दार न लावता खाली उतरून गेला. खिडकीतून तिला तो दिसला. उरलेल्या गोळ्या परत द्यायला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाकडे चालला होता, डोक्यावर टोपी नव्हती, गोदीतली माणसं चालतात तसा पाय फाकवून, जपून, डुलणाऱ्या जमिनीवर चालल्यासारखा. तो आपल्यासाठी घाबरलाय, हे तिच्या ध्यानात आलं. ती खिडकीपाशी उभी राहिली, तो पुन्हा दिसेपर्यंत.

एप्रिल सरता सरता बर्फ गेलं आणि ती दोघं समुद्रातल्या बेटावरच्या आपल्या लाकडी खोपटात गेली. रक्त सुधारत होतं. मलम आणि शाम्पू चालू होते, तरी कानामागं पुन्हा खरखर लागायला लागली होती, डाव्या पापणीवर गुलाबी छटा. ताउनोनं ती पाहिली होती आणि काही बोलला नव्हता. शनिवारी दुपारी त्यानं पाण्याकाठच्या न्हाणखोलीतली भट्टी पेटवली. सौना, म्हणजे हे वाफेचं स्नान, तो एकटाच घ्यायचा. लग्नानंतर एकदोनदा ती बरोबर बसली होती, पण घाम सुटला की त्या यीस्टचं फावायचं, अंग पेटायचं आणि पुढं आठवडा वाया जायचा. मग घाम न येईल तेवढं बादलीतल्या कोमट पाण्यानं ती वेगळी अंघोळ उरकायची. आतून पाण्याचा चर्र आवाज आला, की ती बाहेरच्या पायरीवर बसून समुद्र बघायची.

त्या दुपारी ती पायरीवर थोडा वेळ बसली. मग कपडे काढून खुंटीला टांगले आणि आतलं दार ओढलं.

ताउनो वरच्या फळीवर बसला होता. अर्ध्या अंधारात त्याचे डोळे तेवढे दिसले. ‘काय झालं? काही हवंय?’

‘सरक.’

तो सरकला. ती वर चढून त्याच्या शेजारी बसली. लाकूड मांड्यांना चटकत होतं. दोघांचीही तोंडं भट्टीकडे होती.

‘तुला चालायचं नाही हे,’ तो म्हणाला.

‘माहीत आहे.’

भट्टीत लाकडं तडतडत होती. मग तो भट्टीकडे बघतच म्हणाला, ‘मला वाटलं तुला मरायचंय.’

‘नव्हतं मरायचं. काहीच व्हायचं नव्हतं मला. तसं झालं होतं.’

‘आणि आता?’

घाम फुटला होता. कपाळावरून, कानामागून, मानेवरून तो खाली उतरत होता, आणि जिथून जात होता तिथं आधी मुंग्या आल्या, मग सुया. मानेच्या मागं एक जुनं, ओळखीचं जाळं पसरत चाललं. तिचा हात वर उठला आणि तिनं तो मांडीवर दाबून धरला.

‘आता खाजतंय,’ ती म्हणाली.

‘मग उतर खाली. चल, मी धरतो.’

‘नको. पाणी टाक.’

‘इन्केरी.’

‘टाक रे.’

त्यानं डाव भरला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तापल्या दगडांवर ओतला. वाफ छताला जाऊन आदळली आणि वरून दोघांच्या खांद्यांवर कोसळली. मान, गळा, पापण्या एका झटक्यात भडकल्या. आणि इन्केरी ओरडली. स्वच्छ नाही, सपाट नाही; घोगरा, फाटका, आतून ओरबाडून निघालेला आवाज, तिनं तो स्वतःही कधी ऐकला नव्हता. ताउनो धडपडत उठला, दाराकडे वळला, त्याच्या हातून डाव खाली पडला.

‘बस,’ ती धापा टाकत म्हणाली. त्याचं मनगट तिनं घट्ट पकडलं होतं. ‘बस रे खाली. काही झालेलं नाही. नुसतं दुखतंय.’